पहिलं मागणं खळांसाठी

बेंगळुरूच्या सर्जापूर रोडवर 'वेंकट' हे नाव जागोजागी भेटतं. किराणा दुकानाचं नाव श्री वेंकटेश्वर, थोडं पुढे गेलं की हार्डवेअरच्या दुकानाचंही तेच. या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना आधी खेडी होती, इब्बलूर, कैकोंड्रहळ्ळी, दोड्डकन्नेल्ली, कोडती, दोम्मसंद्रा. त्या खेड्यांतल्या जुन्या घरांच्या फाटकांवर अजून वेंकटप्पा, वेंकटरमणप्पा अशी नावं दिसतात. त्यामुळे आमच्या संकुलात दर रविवारी भरणाऱ्या मराठीच्या वर्गात पसायदान शिकवताना दुसऱ्याच ओवीशी एक मुलगा थांबला, याचं मला नवल वाटलं नाही. शाळेत त्याच्या शेजारी बसणाऱ्या मित्राचं नाव वेंकट. तो म्हणाला, "काकू, व्यंकटी सांडू दे म्हणजे काय? वेंकटला का टाकायचं? त्यानं काय केलंय?"

त्यानं काहीच केलेलं नाही, हे आधी सांगून टाकलं. पाठोपाठ दुसरा प्रश्न आलाच, मग व्यंकटी म्हणजे काय?

व्यंकटी म्हणजे वाकडेपणा. जुन्या मराठीत व्यंकट म्हणजे वाकडा, आणि त्या वाकडेपणावरून मनाचा दुष्टपणा. तिरुपतीच्या वेंकटाशी त्याचं नातं लावायचं कारण नाही. वेंकटाचलाच्या माहात्म्यात 'वें' म्हणजे पाप आणि 'कट' म्हणजे ते जाळणं अशी नावाची फोड केलेली आहे. एकाच उच्चाराच्या आसपास एका ठिकाणी दुष्टपणा आहे आणि दुसऱ्या ठिकाणी पाप जाळणारा देव. बेंगळुरूत शहाजीराजांची जहागीर होती, तेव्हाच्या मराठी घराण्यातही हे नाव होतं. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी, ज्यांना एकोजीही म्हणतात, त्यांच्याकडे पुढे ही जहागीर आली. मुलांना हे सगळं सांगितलं, त्यांना मजा वाटली, वर्ग संपला. मी मात्र त्या शब्दाशीच राहिले.

पसायदान आपल्याला इतकं पाठ असतं की त्यातल्या मागण्यांचा क्रम आपण पाहतच नाही. पहिल्या ओवीत विश्वात्मक देवाला प्रसन्न हो म्हटलेलं आहे. ग्रंथ लिहून झाला, वाग्यज्ञ झाला, आता प्रसाद दे. दुसऱ्या ओवीपासून मागणं सुरू होतं, आणि त्यातलं अगदी पहिलं मागणं खळांसाठी आहे. संतांची मांदियाळी नंतर येते. ज्याला जे हवं ते मिळो, हेही नंतर येतं. सगळ्यांच्या आधी खळ. आणि त्यांच्यासाठी काय मागितलं, तर त्यांचा वाकडेपणा गळून पडो. त्यांना शिक्षा होवो, त्यांचा नाश होवो, असं एक अक्षरही नाही. वाकडेपण गेल्यावर त्यांना सत्कर्माची गोडी लागावी आणि मग सगळ्या जिवांची एकमेकांशी मैत्री व्हावी, इतकं त्याच एका ओवीत आहे.

'खळांची व्यंकटी सांडो' हे शब्द व्याकरणाच्या दृष्टीनंही पाहावेत. व्यंकटी षष्ठीनं जोडलेली आहे. ती खळाची आहे, म्हणजे त्याच्याजवळ आहे. जे जवळ असतं ते टाकता येतं. खळ हा स्वतःच व्यंकटी असता तर ती सांडायला जागाच उरली नसती. ज्ञानदेवांनी दुष्टपणाला माणसापासून एवढ्याशा विभक्तीनं वेगळं केलं आहे. मला वाटतं, दुष्टपणाविषयी मराठीत झालेला हा सगळ्यात मोठा विचार आहे, आणि रोज म्हणूनही आपण तो वापरलेला नाही.

दुष्टपणाला वाकडं म्हणण्याची चाल मात्र ज्ञानदेवांच्या कितीतरी आधीची. वेदात 'वृजिन' हा शब्द येतो. त्याचा अर्थ वाकडं, आणि म्हणून पाप. त्याच्या उलट 'ऋजु', म्हणजे सरळ. सूर्य माणसांतलं ऋजु आणि वृजिन दोन्ही बघत चालतो, असं ऋग्वेदातल्या ऋषींनी पुन्हा पुन्हा म्हटलं आहे. ईशावास्याच्या शेवटी अग्नीची प्रार्थना आहे, आम्हाला चांगल्या वाटेनं ने. तिथे दूर करायच्या पापाचं विशेषणही वाकडं चालणारं असंच आहे. 'दुरित' शब्द उलगडला तरी वाटच निघते, दुर् आणि इत, म्हणजे भलतीकडे गेलेलं. गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणं सांगताना आणि सोळाव्यात दैवी संपत्ती मोजताना आर्जव येतं. आर्जव म्हणजे ऋजुता. आज आपण आर्जव म्हणजे विनवणी समजतो, पण मूळ अर्थ सरळपणा.

संस्कृत 'वक्र'चं प्राकृतात 'वंक' झालं आणि त्याच्यापासून आपलं वाकडं आलं. मराठी माणूस दुष्टपणाविषयी बोलताना या एका शब्दावर किती भार टाकतो ते बघा. वाकडी नजर. वाकडं पाऊल. एखाद्याशी वाकडं येणं. वाकड्यात शिरणं. त्याच्याच जवळचे आतल्या गाठीचा, मनात अढी असलेला आणि सुंभ जळाला तरी न जाणारा पीळ. चांगल्या माणसाविषयी सांगायचं तर तो सरळ आहे, सरळमार्गी आहे, नाकासमोर चालणारा आहे. जुन्या मराठीत 'उजू' होतं, ऋजुपासून आलेलं, ते दुर्दैवानं गेलं. हिंदीत त्याच वंकाचं 'बांका' झालं आणि कृष्णाच्या तीन ठिकाणी वळलेल्या डौलदार उभं राहण्याला ते शोभलं. वारकऱ्यांचा देव मात्र समचरण आहे. दोन्ही पावलं जुळवून विटेवर ताठ उभा. ज्या परंपरेनं दुष्टपणाला वाकडेपण म्हटलं, तिचा देव सरळ उभा असावा, हे मला फार आवडतं.

इथे एक हरकत घेतली पाहिजे. वाकडेपणाचा हा संकेत शरीरावर उतरला तेव्हा त्यानं फार अन्याय केला. रामायणातली मंथरा कुबडी असते. आपल्या चित्रपटांतल्या खलनायकांना तिरळा डोळा, लंगडा पाय, गालावरचा व्रण देऊन किती पिढ्या मुलांना शिकवलं गेलं की शरीरात काही वेगळं दिसलं तर आत दुष्टपणा समजावा. ज्यांच्या अंगात जन्मतः व्यंग आहे अशा मुलांनी शाळेत काय सोसलं असेल! त्याच परंपरेत अष्टावक्रही आहे, आठ ठिकाणी वाकलेला आणि जनकाच्या सभेतल्या सगळ्यांपेक्षा शहाणा. सभा त्याच्या चालण्याला हसली, तेव्हा तुम्ही कातडं बघणारे आहात, असं त्यानं त्यांना सुनावलं अशी कथा आहे. व्यंकटी शरीरात शोधायची नाही, हे अष्टावक्राची गोष्ट सांगणाऱ्यांना कळलेलं होतं.

कैकोंड्रहळ्ळीचं तळं लोकांनी आणि पालिकेनं मिळून पुन्हा जिवंत केलेलं आहे. तिथे सकाळी फिरायला येणारे एक निवृत्त कन्नड शिक्षक आहेत. सगळे त्यांना मेष्ट्रु म्हणतात. व्यंकटीची गोष्ट मी त्यांना सांगितली तेव्हा ते चालता चालता थांबले आणि म्हणाले, "आमच्याकडे डोंकु आहे." डोंकु म्हणजे वाकडं, वाकडेपण. पुरंदरदासांच्या एका पदात कुत्र्याच्या वाकड्या शेपटीसाठी तो येतो, हे कर्नाटकात लहान मुलालाही ठाऊक असतं. पण मेष्ट्रुंना बसवण्णांचं वचन आठवलं होतं. जगाचं डोंकु सरळ करायला निघालेल्यांना बसवण्णा विचारतात, तुम्हाला ती उठाठेव कशाला, आधी आपला देह आणि आपलं मन ताळ्यावर आणा. बसवण्णा बाराव्या शतकातले, ज्ञानदेव तेराव्या. बसवण्णांची कारकीर्द कल्याणात फुलली, पण त्याआधीचा त्यांचा काळ मंगळवेढ्यात गेला, आणि मंगळवेढा आज सोलापूर जिल्ह्यात आहे. पंढरपूर तिथून जवळ. शंभर-सव्वाशे वर्षांच्या अंतरानं एकाच मुलखात दोन भाषांमधल्या दोन माणसांनी दुष्टपणाला वाकडेपण म्हटलं. एकानं तो आधी स्वतःत बघायला सांगितला. दुसऱ्यानं तो दुसऱ्यातून गळून पडावा म्हणून देवाजवळ हात पसरला. मेष्ट्रुंना बसवण्णा अधिक कठोर आणि म्हणून अधिक खरे वाटतात. मला ज्ञानदेवांचं मागणं अधिक अवघड वाटतं. स्वतःला सुधारणं आपल्या हातात तरी असतं. ज्यानं आपलं वाटोळं केलं त्याच्यासाठी भलं मागायला वेगळं काळीज लागतं.

आणि ज्ञानदेवांचं वाटोळं खरोखरच झालं होतं. संन्यास घेऊन पुन्हा संसारात परतलेल्या विठ्ठलपंतांची ही मुलं. आळंदीनं घर वाळीत टाकलं. आईबापांनी देहान्त प्रायश्चित्त घेतलं, असं परंपरा सांगते. चार पोरकी भावंडं शुद्धिपत्रासाठी पैठणला गेली. ज्या समाजानं त्यांना 'संन्याशाची पोरं' म्हटलं, त्या समाजासमोर बसून नेवाशात शके 1212 मध्ये, म्हणजे इ.स. 1290 साली, विशीही न गाठलेल्या या मुलानं गीतेवरची टीका पूर्ण केली आणि शेवटी पहिलं मागणं खळांसाठी मागितलं. त्याला खळ पुस्तकातून कळलेले नव्हते.

ज्ञानदेवांना राग येत नव्हता असं मात्र समजू नये. कुणी तरी अपमान केला आणि ते खोपटाचं दार, ताटी, लावून आत बसले, तेव्हा धाकट्या मुक्ताबाईनं बाहेरून त्यांची समजूत घातली. तेच ताटीचे अभंग. लहान बहिणीनं मोठ्या भावाला राग आवरायला सांगावा, आणि तो भाऊ ज्ञानेश्वर असावा! पसायदान वाचताना ही लावलेली ताटी आठवावी. त्या मागण्यामागे दुखावलेला माणूस आहे.

आणि विसोबा. मुक्ताईला मांडे खायची इच्छा झाली, मांडे भाजायला खापर आणायला ती गेली आणि विसोबा चाट्यानं कुंभारांना बजावलं, यांना काही द्यायचं नाही. लहान मुलीच्या तोंडचा घास काढून घेणं, दुष्टपणाचं याहून क्षुद्र रूप कोणतं? पुढची कथा सगळ्यांना ठाऊक आहे. ज्ञानदेवांनी जठराग्नी चेतवला आणि मुक्ताईनं त्यांच्या पाठीवर मांडे भाजले. विसोबानं ते पाहिलं आणि तो पायांवर पडला. चमत्कारावर विश्वास ठेवावा की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. माझं मन त्या कथेच्या पुढच्या भागावर जास्त रमतं. हाच विसोबा पुढे विसोबा खेचर झाला, आणि शिंप्याच्या घरातल्या नामदेवाला औंढ्या नागनाथाच्या देवळात गुरू भेटला तो हाच. नामदेव पुढे पंजाबपर्यंत गेले. त्यांची 61 पदं शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात आहेत. आळंदीतल्या एका चाट्याला 'दुष्ट' म्हणून तिथेच सोडून दिलं असतं तर ही साखळी तुटली असती. तुकोबांच्या बाबतीतही परंपरा असंच सांगते. वाघोलीच्या रामेश्वर भट्टांनी त्यांच्या वह्या इंद्रायणीत बुडवायला लावल्या आणि पुढे तेच रामेश्वर भट्ट त्यांचे शिष्य झाले.

संस्कृत साहित्यानं खळाकडे असं पाहिलं नव्हतं. महाकाव्याच्या सुरुवातीला कधी खळांची निंदा आणि सज्जनांची स्तुती करावी, असं विश्वनाथानं 'साहित्यदर्पणा'त लक्षणच लिहून ठेवलं आहे. बाणभट्टानं 'कादंबरी'च्या आरंभी दुर्जनांचा समाचार घेतला. भर्तृहरीच्या नीतिशतकात दुर्जनपद्धती हा एक वेगळा विभागच आहे, आणि वामन पंडितांनी तो मराठीत आणल्यावर आपल्याकडच्या शाळांतल्या कित्येक पिढ्यांनी तो घोकला. तुलसीदासांनी 'रामचरितमानसा'च्या आरंभी खळांना वंदन केलं, पण त्या वंदनात दूर राहा अशी विनवणीच अधिक आहे. या सगळ्या लिखाणात दुर्जन ही माणसांची एक जात आहे. ती ओळखावी, टाळावी, तिच्या खोड्यांची यादी करावी. व्यवहारात याचा उपयोग होतो, हे मी नाकारत नाही. रामदासांनीही 'दासबोधा'त कुविद्येची लक्षणं अशीच मोजून दिली आहेत. पण माणसांच्या याद्या करण्याची सवय लागली की त्या यादीत कुणाला घालायचं हे ठरवणारा हात कुणाचा, असा प्रश्न उभा राहतो. मराठीत त्याची दोन उदाहरणं माझ्या मनातून जात नाहीत.

संभाजी महाराजांचे स्नेही कवी कलश. उत्तरेतून आलेले, कवी, छत्रपतींच्या विश्वासातले. बखरींनी त्यांचं नाव 'कलुशा' करून टाकलं. कलश म्हणजे मंगल कुंभ. त्यातला एक स्वर बदलला की कलुष ऐकू येतो, म्हणजे गढूळ, म्हणजे पाप. एवढ्याशा बदलानं एक माणूस राज्य बुडवणारा कपटी ठरला आणि मराठी नाटकं, कादंबऱ्या ते ठरवणं पुढे चालवत राहिल्या. संभाजी महाराजांविषयी सगळ्यात कडवट लिहिणारी बखर मल्हार रामराव चिटणीसांची. ती महाराजांच्या मृत्यूनंतर शतकाहून अधिक काळानं लिहिली गेली, आणि लिहिणारा ज्यांचा वंशज होता त्या बाळाजी आवजींना संभाजी महाराजांनी देहान्त शिक्षा दिली होती. वा. सी. बेंद्रे आणि कमल गोखले यांनी अस्सल कागद शोधून हे चित्र पुसायला आयुष्य घातलं. कलशांविषयी एक गोष्ट कुणालाही नाकारता येत नाही. 1689 मध्ये संगमेश्वरात ते महाराजांबरोबर पकडले गेले, महाराजांबरोबर त्यांचे हाल झाले आणि महाराजांबरोबरच ते मारले गेले. शेवटपर्यंत बरोबर राहिलेल्या माणसाला आपल्या भाषेनं कित्येक पिढ्या 'कलुशा' म्हटलं!

दुसरं उदाहरण याहून मोठं आहे, कारण ते आपल्या रोजच्या बोलण्यात आहे. बेरड. कितीही सांगितलं तरी न ऐकणाऱ्या मुलाला, निगरगट्ट माणसाला मराठी घरात 'बेरड' म्हणतात. बेरड ही एक जमात आहे. कन्नडमध्ये बेड म्हणजे शिकारी, आणि बेडर म्हणजे त्या शिकाऱ्यांची जमात. भीमराव गस्ती बेळगावजवळच्या यमनापूरचे. त्यांनी आपल्या आत्मकथनाला 'बेरड' हेच नाव दिलं, आणि जमातीवर बसलेल्या चोरीच्या शिक्क्यानं पोलीस ठाण्यात, गावात, शाळेत काय घडतं ते लिहिलं. लक्ष्मण गायकवाडांचं 'उचल्या', ज्याला 1988 सालचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तेही असंच. पुस्तकाचं नावच एक शिक्का. इंग्रज सरकारनं 1871 मध्ये कायदा करून जमातीच्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या. सोलापुरात तारेच्या कुंपणात त्यांची वसाहत होती. तो कायदा स्वतंत्र भारतानं 1952 मध्ये रद्द केला. दुष्टपणा माणसाजवळ असतो असं म्हणणारी ओवी रोज म्हणणाऱ्या समाजात, दुष्टपणा रक्तात असतो असं म्हणणारा कायदा कित्येक दशकं चालला, आणि कायदा गेल्यावरही शब्द राहिला.

इथे कर्नाटकात आल्यावर मला त्या शब्दाचा दुसरा चेहरा दिसला. बेडर कण्णप्पा, शिवाला स्वतःचे डोळे काढून देणारा शिकारी भक्त, दक्षिणेतल्या 63 नायनमारांपैकी एक. राजकुमार पहिल्यांदा नायक झाले ते 1954 च्या 'बेडर कण्णप्प' चित्रपटात, आणि कन्नड माणूस ते नाव अजून भक्तीनं घेतो. चित्रदुर्गचे मदकरी नायक याच जमातीचे. सुरपूरचे राजेही. तिथला तरुण राजा वेंकटप्पा नायक 1858 मध्ये इंग्रजांविरुद्ध उठला. तो लहान असताना त्याचं संस्थान सांभाळायला कर्नल मेडोज टेलर होता. राजा त्याला 'अप्पा' म्हणायचा. ठगांच्या कबुलीजबाबावरची 1839 सालची गाजलेली कादंबरी याच टेलरची. गुन्हेगारांविषयी लिहून इंग्लंडात नाव मिळवलेल्या माणसानं ज्या बेरड मुलाला मायेनं वाढवलं, त्याचा शेवट आपल्याच सरकारच्या कैदेत गोळी लागून झालेला त्याला बघावा लागला. त्या मुलाविषयी लिहिताना टेलरच्या लेखणीत शिक्का नाही, दुःख आहे.

मराठी रंगभूमीनं या बाबतीत भाषेपेक्षा पुष्कळ अधिक केलं. गडकऱ्यांच्या 'पुण्यप्रभावा'तला वृंदावन सूडानं पेटलेला असतो आणि वसुंधरेसमोर त्याचा पीळ सुटतो. 'भावबंधना'तल्या घनश्यामाच्या दुष्टपणाच्या मुळाशी अपमान आहे, आणि चिंतामणराव कोल्हटकरांनी तो असा उभा केला की लोकांना खलनायकाचीच भूमिका लक्षात राहिली. पुढे तेंडुलकर आले आणि त्यांनी खलनायकच काढून टाकला. 1967 च्या 'शांतता! कोर्ट चालू आहे'मध्ये एकही दुष्ट माणूस नाही. सगळी साधी, नोकरदार, नाटकाची हौस असलेली माणसं, आणि ती मिळून एका बाईला सोलून काढतात. निळू फुले आयुष्यभर पडद्यावर दुष्ट झाले. बाहेर ते सेवादलाचे कार्यकर्ते, अंधश्रद्धेविरुद्ध आणि वंचितांसाठी झटणारे, अत्यंत निर्मळ माणूस. बायका त्यांना समोर पाहून खरोखर घाबरायच्या, असं त्यांनीच सांगितलेलं आहे. दुष्टपणा अंगावर घेऊन तो पुन्हा खाली ठेवता येतो, हे नट रोज करतो.

तेंडुलकरांनी दाखवलेला, खळ नसलेला दुष्टपणा मला या रस्त्यावर रोज दिसतो. बेंगळुरूच्या या बाजूला तळी एकमेकांना जोडलेली होती. वरचं भरलं की जास्तीचं पाणी राजकालुव्यानं खालच्या तळ्यात जायचं. कैकोंड्रहळ्ळीतून सौळ तळ्यात, तिथून बेळ्ळंदूरला, तिथून वर्तूरला आणि पुढे दक्षिण पिनाकिनीत. राजकालुवे म्हणजे पाण्याचे मोठे नाले, उताराच्या कलानं गेलेले. त्यांच्यावर इमारती आल्या, रस्ते आले. कुठे नाला अरुंद केला, कुठे तो भिंतीच्या कडेनं काटकोनात वळवला. पाण्याला ती वळणं मान्य नव्हती. सप्टेंबर 2022 च्या पावसात या रस्त्यावरच्या वसाहतींत पाणी शिरलं आणि माणसं ट्रॅक्टरवर बसून घराबाहेर पडली. त्याच्या आधी फेब्रुवारी 2017 मध्ये आणि जानेवारी 2018 मध्ये बेळ्ळंदूर तळ्यावर आग लागली होती. पाण्यावर आग! शहराचं सांडपाणी त्या तळ्यात वर्षानुवर्षं जात होतं.

पुराच्या त्या दिवसांत आमच्या संकुलाच्या व्हॉट्सॲप गटात दोषी शोधणं चाललं होतं. बिल्डर, अधिकारी, पुढारी, शेजारचं संकुल, टँकरवाले. प्रत्येकाच्या नावापुढे एक विशेषण. त्यातली काही माणसं खरोखर दोषी असतील आणि त्यांना शिक्षा व्हायलाच हवी. दुष्टपणा माणसापासून वेगळा काढायचा याचा अर्थ त्याचा हिशेब चुकता करायचा नाही, असा मी घेत नाही. पण त्या नाल्याचं डोंकु कुणा एकाच्या हातून झालेलं नव्हतं. कुणी नकाशावर रेघ सरकवली, कुणी सही केली, कुणी कागद नीट न वाचता घर घेतलं, कुणी आपलं सांडपाणी कुठे जातं हे विचारलं नाही. मेष्ट्रु त्या दिवशी गुडघाभर पाण्यात उभे राहून नाल्याच्या वळणाकडे बोट दाखवून एवढंच म्हणाले, "डोंकु." बसवण्णांचं वचन तेव्हा मला पहिल्यांदा पुरतं कळलं. खळ सापडत नाही तिथेही व्यंकटी असते, आणि तिथे ती कुणाच्या एकट्याच्या पश्चात्तापानं सांडत नाही. ती नाला पुन्हा उताराला लागेपर्यंत, सांडपाणी शुद्ध होईपर्यंत, म्हणजे हातानं काम करून सांडावी लागते. कैकोंड्रहळ्ळीच्या तळ्यात आज पाणपक्षी आहेत, ते लोकांनी असं काम केलं म्हणून.

परक्या भाषेच्या शहरात मुलांना मराठी शिकवणाऱ्या, आणि पुण्या-नागपुरात, कोल्हापुरात शाळेच्या रांगेत पसायदान म्हणवून घेणाऱ्या सगळ्यांना माझी एक विनंती आहे. दुसऱ्या ओवीशी थांबा. व्यंकटीचा अर्थ सांगा, विसोबा चाट्याची गोष्ट सांगा, आणि हे मागणं सगळ्यांत आधी का आलं ते मुलांना विचारा. त्यांची उत्तरं आपल्यापेक्षा चांगली असतात. आणि घरात, वर्गात कुणाला रागावताना 'बेरड' हा शब्द तोंडी येत असेल तर तो आजच बंद करा. ते एका जमातीचं नाव आहे, आणि त्या जमातीची मुलं तुमच्या वर्गात बसलेली असतात.